वेग आणि साठा

तारांचा वेग वाढला, आणि म्हणूनच हवा तो चित्रपट हव्या त्या क्षणी घरात येऊ लागला, हे मत हल्ली इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याला दाखला मागणाराच अडाणी ठरावा. दाखला मात्र नेमका उलटा आहे. टाइम वॉर्नर कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथे हीच सेवा सुरू केली, तेव्हा प्रकाशतंतू होते, सिलिकॉन ग्राफिक्सचे बलाढ्य सर्व्हर होते, आणि माहितीचे ५३ बाइटांचे समान तुकडे करून प्रत्येक प्रवाहासाठी मार्ग राखून ठेवणारी एटीएम यंत्रणाही होती. प्रेक्षकाने चित्रपट मध्येच थांबवावा, मागे न्यावा, इतकी चोख तजवीज होती. तरीही सुमारे चार हजार घरांपुढे मजल गेली नाही, आणि घरोघरची पेटी म्हणजे एक पुरा संगणकच असल्यामुळे, तो खर्च वर्गणीतून भरून निघेना, सबब १९९७ साली सारा कारभार गुंडाळला गेला.

प्रतिपक्ष म्हणेल, यंत्रे तेव्हा महाग होती, आज स्वस्त झाली. कबूल. परंतु दूरचित्रवाणीचा एक प्रवाह लाखांना पुरतो, तसे येथे होत नाही. हजार माणसे एकच चित्रपट हजार निरनिराळ्या मिनिटांवर पाहत असतात, आणि प्रत्येकी चार मेगाबिट धरले तरी मध्यवर्ती कोठीतून सेकंदाला चार हजार मेगाबिट बाहेर पडावे लागतात. अशा वेळी दारातली तार दुप्पट रुंद केली, तर कोठीच्या तोंडाशी गर्दी तेवढी वाढते!

खरे कार्य साधले ते साठ्याच्या विकेंद्रीकरणाने. नेटफ्लिक्स ही कंपनी २०१२ पासून आपल्या साठवणपेट्या इंटरनेट पुरवणाऱ्यांच्याच केंद्रांत ठेवू लागली. वर्दळ नसलेल्या वेळी त्या भरल्या जातात, आणि प्रेक्षकाची मागणी बहुधा तेथल्या तेथेच भागते. जोडीला चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे, प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत सिद्ध. मागचा तुकडा यायला विलंब लागला, की घरचे यंत्र पुढचा हलक्या दर्जाचा मागते. चित्र क्षणभर धूसर होते, पण थांबत नाही. राखीव मार्गाच्या हमीवाचून, कोणतीच शाश्वती नसलेल्या जाळ्यावर हे घडते, हे त्या हमीच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप मोकळ्या मनाने मान्य केलेले दिसत नाही.

वेग निरर्थक आहे, असे येथे कोणीच म्हणत नाही; दीड मेगाबिटांच्या वाटेने चार मेगाबिटांचे चित्र येणार नाही. पण नवी जोडणी घेताना वाचकांनी ‘किती मेगाबिट?’ एवढेच विचारून थांबू नये; ‘साठवणपेट्या कोणत्या शहरात आहेत?’ हेही विचारावे.