कारकुनीचा मोह सोडा, कौशल्याची कास धरा!

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली हे नवे रेल्वे स्थानक आकार घेत आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या '३ अ' या टप्प्याला २०१९ साली मंजुरी मिळाली आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेसोबत या स्थानकाचाही मार्ग मोकळा झाला. परिसरातील नागरिकांची ही मागणी रास्तच होती. बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत पाय टेकण्यापुरती जागा मिळवण्यासाठी रोज काय करावे लागते, हे या पट्ट्यातील प्रत्येक कुटुंब जाणते. स्थानक व्हायलाच हवे. परंतु ते होणार म्हणून ज्या घरांत आनंद झाला, त्या घरांनी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. हे स्थानक येथील तरुणांना केवळ दूर वाहून नेण्यासाठीच आहे काय? ज्या चिखलोलीचे नाव त्या फलाटावर लागणार, तेथेच एक औद्योगिक वसाहत आहे. शेजारी मोरिवली आहे, आनंदनगर आहे. रसायने, औषधे, यंत्रांचे सुटे भाग असे नाना प्रकारचे उत्पादन येथे होते. या कारखान्यांच्या भिंतींना लागून रोज हजारो सुशिक्षित तरुण जातात आणि त्या भिंतींच्या आत कोणते काम चालते, कोणत्या कामाला काय मोल आहे, याची चौकशीसुद्धा त्यांनी कधी केलेली नसते.

हा दोष तरुणांचा नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात जी चर्चा होते, तिच्यात मुलाच्या हाताला काय जमते, त्याचे मन कशात रमते, हे विषय क्वचितच येतात. कोणते महाविद्यालय, कोणता क्लास, शेजारच्या मुलाला किती 'पॅकेज' मिळाले, इतकेच मुद्दे असतात. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला लग्नकार्यात देता येण्याजोगे उत्तर मिळाले, म्हणजे करिअर ठरले! दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ घालणारा हा समाज. पण त्याच यंत्रावर उभे राहणाऱ्या हाताला मुलगी देण्याची वेळ आली की मागेपुढे पाहतो. या दुटप्पीपणाची किंमत एक संपूर्ण पिढी मोजत आहे.

मेकॉलेवर किती दिवस ढकलणार?

या अवस्थेचे खापर मेकॉलेच्या माथी फोडण्याची राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात जुनी सवय आहे. १८३५ साली त्याने आपले शिक्षणविषयक टिपण लिहिले आणि कारकून घडवणारी व्यवस्था या देशावर लादली गेली, हे खरेच. परंतु इंग्रज १९४७ साली गेले. त्यानंतर आपल्या घराघरांतून मेकॉलेला कोणी पोसले? व्यासपीठावरून स्वदेशीचा जयघोष करायचा, राष्ट्र स्वावलंबी व्हावे म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि घरी आल्यावर मुलाने 'आयटीआयला जाऊ का?' असे विचारले तर 'एवढे कमी मार्क पडले का तुला?' असे म्हणायचे, हा व्यवहार कोणत्या राष्ट्रवादात बसतो? स्वदेशी म्हणजे केवळ विकत घेण्याच्या वस्तूंची यादी नव्हे. वस्तू स्वदेशात घडवायची तर ती घडवणारा हातही आपल्याच घरातला असावा लागतो.

अंबरनाथला तर याचा धडा दारातच मिळतो. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीची स्थापना १९१९ सालची. स्वातंत्र्यानंतर देशाला लष्करी सामग्रीसाठी परदेशाकडे हात पसरावा लागू नये, म्हणून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी येथे उभी राहिली. आयुध निर्माणी आणि हा कारखाना यांनी या गावाला कुशल कारागिरांची परंपरा दिली. फिटर, टर्नर, टूलमेकर हे शब्द येथे एके काळी अभिमानाने उच्चारले जात. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. व्यवस्था बदलली, पण संरक्षण उत्पादनात स्वयंपूर्णता हे ध्येय बदललेले नाही. मग ज्या घरांत आजोबा सूक्ष्ममापकावर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजत होते, त्या घरांतील नातवाला ते उपकरण धरायचे कसे हेही माहीत नसावे, याला प्रगती म्हणायचे काय?

रांगेचे गणित

अनेक कुटुंबांचा दुसरा मोह म्हणजे स्पर्धा परीक्षा. प्रशासनात कर्तबगार आणि राष्ट्रनिष्ठ तरुण जायलाच हवेत, याविषयी दुमत नाही. परंतु गणित डोळ्यांआड करून चालत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ उमेदवारांनी अर्ज केले. प्रत्यक्ष परीक्षेला ५,८३,२१३ बसले. शिफारस झाली ती १,००९ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५७८ जणांमागे एक! यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र क्लासच्या फलकावर झळकते. उरलेल्या ५७७ जणांचा फलक कोणी लावत नाही. पुण्याच्या खोल्यांतून पाच-सात वर्षे काढून तिशीला टेकलेला, हातात पदवीखेरीज काहीही नसलेला तरुण घरी परततो, तेव्हा त्याच्यासाठी क्लासच्या संचालकाकडे कोणते उत्तर असते? परीक्षा अवश्य द्यावी. पण प्रयत्नांची मर्यादा आधी ठरवून आणि पोट भरेल असे एखादे कौशल्य हाती ठेवून द्यावी. इतका साधा सल्ला देण्याचे धैर्य पालकांनी दाखवायला हवे.

ज्यांनी वाट बदलली

करिअर म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. १८६९ साली जन्मलेल्या या तरुणाला चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. कला विद्यालयात गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला. रडत न बसता त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावात सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात! तरीही ते हटले नाहीत. १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. चित्रकला गेली, नोकरी गेली. पण हात आणि नजर यांचे शिक्षण वाया गेले नाही. त्यातूनच पुढचे सारे उभे राहिले. आजचा एखादा समुपदेशक त्यांना काय सांगता? 'सरकारी नोकरी सोडू नका!'

शेजारच्या उल्हासनगरचा इतिहासही असाच बोलका आहे. फाळणीत सर्वस्व गमावलेले सिंधी बांधव कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. मिळेल ते काम त्यांनी हाती घेतले. घराघरांतून छोटे उद्योग निघाले. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद करून आजूबाजूचा मध्यमवर्ग कित्येक वर्षे हसला. ज्यांच्यावर हसले, ते वस्तू करत राहिले, विकत राहिले आणि दुसऱ्यांना रोजगार देणारे झाले. हसणारे मात्र अर्जाच्या रांगेत उभे राहिले.

कारखानदारांनाही प्रश्न

नाण्याची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. 'कुशल माणसे मिळत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या कित्येक कारखानदारांना कौशल्य हवे असते. पण त्याचा मोबदला मदतनिसाचा द्यायचा असतो. कंत्राटदाराच्या आडून वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवलेला कामगार मनापासून काम कसा शिकेल? सुरक्षेचे काय? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले. अशा बातम्या ऐकल्यावर एखाद्या आईने मुलाला रसायनांच्या कारखान्यात पाठवायला नकार दिला, तर तिला भेकड म्हणता येणार नाही. श्रमाला प्रतिष्ठा हवी, हे वाक्य आधी वेतनपत्रकात आणि सुरक्षा व्यवस्थेत दिसले पाहिजे. सुविचारांच्या फळ्यावर ते नंतर लिहावे.

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन तृतीयांश तरुण शालेय शिक्षणानंतर व्यवसाय शिक्षणाकडे वळतात. जर्मनीत उमेदवार आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकतो. तेथे कारागिराला मान आहे. कारण कारखानदार त्याच्या शिक्षणावर स्वतः खर्च करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. ज्या हातांना जर्मनी बोलावते आहे, त्या हातांना आपल्याच घरात कमी लेखले जाते, यापरता विरोधाभास कोणता?

तरुणांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे काम पाहावे. ज्या व्यवसायात आयुष्याची तीस वर्षे घालवायची, त्याचे तीन दिवससुद्धा निरीक्षण न करता प्रवेश घेणे हा निव्वळ जुगार आहे. ओळखीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, रुग्णालयात, कार्यालयात जावे. तेथे दहा वर्षे काम केलेल्या माणसाला त्याचा दिवस कसा जातो, हे विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चांगले वेतन कशातून येते, हे नीट समजून घ्यावे. संगणकनियंत्रित यंत्र लाखो रुपयांचे असते. आज्ञावलीतला एक आकडा चुकला तर हत्यार मोडते, माल वाया जातो. औषधाच्या कारखान्यात तापमान हाताबाहेर गेले तर सारे मिश्रण टाकून द्यावे लागते, जीवही धोक्यात येतो. म्हणून अशी जबाबदारी पेलणाऱ्याला मालक शोधत येतो. पहिल्या वर्षीचा पगार कदाचित कॉल सेंटरहून कमी असेल. खरा प्रश्न दहाव्या वर्षी काय, हा आहे. जे काम कोणीही आठ दिवसांत शिकू शकतो, त्याचा पगार कायम बेताचाच राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे शिडी ओळखावी. आयटीआय हा शेवटचा थांबा नाही. तेथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. बॉयलर चालवण्याचे प्रमाणपत्र, विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना, साचे व हत्यारे घडवण्याचे शिक्षण असे अनेक मार्ग आहेत. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही त्यासाठीची नामांकित संस्था आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील २०१९च्या नियमांनुसार, तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. हा हक्क ठाऊक करून घ्यावा आणि मागावा. मुलींनीही ही दारे आपली नाहीत असे समजू नये. अचूकता, चिकाटी आणि शिस्त या गुणांना लिंगभेद नाही.

आणि समाधानाचे काय? केवळ पगाराने ते मिळत नाही, हे वातानुकूलित कार्यालयातून रात्री थकून परतणारे अनेक जण खासगीत कबूल करतात. आपण केले ते कोणाच्या तरी उपयोगी पडले आणि ते आपल्यावाचून इतके नीट झाले नसते, या जाणिवेत समाधान असते. ती जाणीव शिक्षकाला मिळते, परिचारिकेला मिळते, संशोधकाला मिळते आणि यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिरालाही मिळते. प्रत्येकाने कारखान्यात जावे असा आग्रह मुळीच नाही. आग्रह एवढाच, की निवड स्वतःच्या कुवतीने आणि डोळसपणे व्हावी, नातेवाइकांच्या भीतीने नव्हे.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० पासून उभे आहे. कोणत्या राजवटीत ते झाले, हे शिलालेख सांगतो. पण पाहणारा थक्क होतो तो छिन्नीच्या कामाने. त्या छिन्नीला ज्या समाजाने मान दिला, त्याने असे वैभव निर्माण केले. छिन्नी हलकी आणि लेखणी थोर असे मानू लागल्यावर तो समाज परक्यांच्या कचेरीत कारकून झाला. चिखलोलीच्या फलाटावर उद्या गाडी थांबेल, तेव्हा तीत चढणाऱ्या तरुणाला आपण कोठे आणि कशासाठी चाललो आहोत, हे माहीत असावे. आणि त्या गाडीतून उतरून काम शिकण्यासाठी चिखलोलीला येणारे तरुणही असावेत. ती तयारी रेल्वेने करायची नाही. ती घराघरांतून व्हायची आहे!