बोट वर करणाऱ्याचे दुःख

पायचीतचा निर्णय म्हणजे पंचाची सत्त्वपरीक्षा. चेंडूचा टप्पा लेग यष्टीच्या बाहेर होता का, तो पॅडला नेमका कुठे लागला आणि पॅड आडवे आले नसते तर यष्ट्यांवर गेला असता का? वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदात येऊन आदळतो. त्यातला शेवटचा प्रश्न तर न घडलेल्या गोष्टीचा!

म्हणून यंत्र मदतीला आले. १९९२ साली डर्बनला टीव्हीवरचे चित्र पाहून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिनच. त्याच सचिनला २०११ च्या विश्वचषकात मोहालीला, पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, २३ धावांवर पंचांनी पायचीत दिले. फेरविचार मागितला, निर्णय फिरला आणि सचिनने ८५ केल्या. यंत्राने न्यायच केला, यात वाद नाही.

पण त्या यंत्राच्या नियमातही एक शहाणपण आहे. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागेल असे दिसले, तर पंचाचा मूळ निर्णयच कायम राहतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही २०२६ च्या हंगामापासून अशीच वाट धरली आहे. चेंडू योग्य टप्प्यात आला की नाही, हे आधी माणूसच सांगतो. यंत्राकडे दाद मागण्याच्या संधी प्रत्येक संघाला दोनच. यंत्र माणसाला सावरते, त्याला घरी बसवत नाही.

आमच्या पैठणसारख्या गावी मैदानावर ना कॅमेरा, ना पडदा. पंच म्हणून उभा राहतो तो फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कुणी किंवा शाळेतले एखादे हौशी सर. टीव्ही पाहून वाढलेली पोरे बाद झाली की हाताने 'टी' करून दाखवतात. तिथवर गंमत असते. पुढे शिव्या सुरू होतात, कधी स्टंप उपटले जातात. उन्हात चार तास फुकट उभे राहून वर आईबापांचा उद्धार कोण ऐकून घेईल? चांगली माणसे पंचगिरी नको म्हणू लागली, तर यंत्र नसलेल्या गावात खेळच उरणार नाही.

मला वाटते, शाळांच्या आणि गावच्या स्पर्धांत एक साधा नियम करावा. प्रत्येक खेळाडूने निदान एका सामन्यात पंच म्हणून उभे राहावे. ज्याने एकदा अपिलाच्या गोंगाटात एकट्याने निर्णय दिला, तो दुसऱ्याच्या वर गेलेल्या बोटावर सहसा तोंडसुख घेणार नाही.