फळा दिसतो, पुस्तक दिसत नाही

तिसरीत आमच्या भाच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसला. वाचायला बसला की डोकं दुखे, ओळ सुटे, मग रडारड. शाळेच्या तपासणीत मात्र नजर ६/६! तो तक्ता सहा मीटरवरचा. जवळचं वाचताना डोळ्यांवर पडणारा ताण त्यात कळतोच असं नाही. डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं, तेव्हा प्लस नंबर निघाला. चष्म्याने डोकेदुखी गेली, अक्षरं जुळवताना अडखळणं राहिलं. ते डिस्लेक्सियामुळे, त्याला चष्मा नाही, वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं. तेही सुरू केलंय.

चष्मा आला त्या दिवशी त्याने विचारलं, “मावशी, म्हणजे मी आळशी नव्हतो ना?” धपाटे मीही घातले होते. काय सांगणार!