अरबभूमीतील उलथापालथ आणि आमचे 'जैसे थे' धोरण

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून दिवसभर जी वर्दळ वाहत असते, तिच्यातील किती जणांस ठाऊक असेल की, या जागेस पूर्वी काळा चबुतरा म्हणत असत? १८५७ सालच्या जून महिन्यात येथील छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या स्वारांनी, आपणांस दिल्लीवर चालवून नेणार या संशयाने, इंग्रज अधिकाऱ्यांचा हुकूम मानण्याचे नाकारले. पुण्याहून फौज आली, बंड मोडले, आणि बंडवाल्यांस देहदंड मिळाला. त्या वेळच्या सरकारी दप्तराने ज्यांस राजद्रोही ठरविले, त्यांच्याच स्मरणार्थ आज हा चौक क्रांतीचे नाव मिरवीत आहे. कैरो शहरातही असाच एक चौक आहे. त्याचे नाव तहरीर, म्हणजे मुक्ती. २५ जानेवारी २०११ पासून अठरा दिवस मिसरची प्रजा रस्त्यावर उतरली, हा चौक तिचे ठाणे झाला, आणि ११ फेब्रुवारीस होस्नी मुबारक यांस सुमारे तीस वर्षांची सत्ता सोडावी लागली. एका मुक्तिचौकाची हाक दुसऱ्या क्रांतिचौकाने ऐकावी की नाही, आणि ऐकली तर तिला उत्तर काय द्यावे, हा आजचा आमचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझिद गावी मोहम्मद बुआझिझी या फळविक्या तरुणाने सरकारी जाचास कंटाळून स्वतःस पेटवून घेतले. महिना उलटण्यापूर्वीच, १४ जानेवारी २०११ रोजी, तेवीस वर्षे राज्य करणारे बेन अली देश सोडून पळाले. पुढे मिसर, लिबिया, येमेन, बहारीन, सीरिया असा वणवा पसरत गेला. योगायोगाने २०११ व २०१२ या दोन्ही वर्षी हिंदुस्थान राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीचा सभासद होता. अर्थात आमचे मत काय, हे जगास सांगण्याची पाळी आमच्यावर आली. लिबियावर निर्बंध घालणाऱ्या २६ फेब्रुवारी २०११ च्या ठरावास आम्ही अनुकूल मत दिले. १७ मार्च रोजी बळाचा वापर करण्यास मुभा देणारा ठराव आला, तेव्हा रशिया, चीन, जर्मनी व ब्राझील यांच्यासह आम्ही तटस्थ राहिलो. सीरियाच्या बाबतीत ऑक्टोबर २०११ मध्ये तटस्थ, तर फेब्रुवारी २०१२ मध्ये ठरावाच्या बाजूने, असे आमचे मत झुलत राहिले. आणि १४ मार्च २०११ रोजी शेजारच्या राजांच्या फौजा बहारीनमधील प्रजेचा उठाव दडपण्यास शिरल्या, तेव्हा आम्ही ठळकपणे काहीच बोललो नाही.

यातील लिबियाविषयीची तटस्थता योग्यच होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्ष स्थितीची खात्रीलायक माहिती हाती नसता आणि राष्ट्रसंघाच्या दूताचा अहवाल आला नसता तोफा डागण्यास संमती कशी द्यावी, ही आमच्या प्रतिनिधीची शंका पुढे खरी ठरली. प्रजेच्या रक्षणाकरिता म्हणून आरंभलेली मोहीम राजवट उलथून थांबली; गद्दाफी ऑक्टोबर २०११ मध्ये मारला गेला, आणि नंतर त्या देशात दोन सरकारे परस्परांस आव्हान देत राहिली. स्वातंत्र्य विमानातून खाली टाकता येत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध झाले.

परंतु बाहेरून बाँब टाकू नये म्हणणे निराळे, आणि आतून कण्हणाऱ्या प्रजेकडे पाठ फिरविणे निराळे. आमच्या धोरणातील खरा दोष या दुसऱ्या प्रकारचा आहे. जो तख्तावर बसला असेल तोच देश, असे आम्ही धरून चालतो. ज्या मुबारकांस आम्ही आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा नेहरू पुरस्कार दिला, ते गेल्यावर मार्च २०१३ मध्ये निवडून आलेल्या मोर्सींचे आम्ही दिल्लीत स्वागत केले. त्याच वर्षी जुलैत लष्कराने त्यांस पदच्युत केले, आणि २६ जानेवारी २०२३ रोजी, आमच्याच प्रजासत्ताकदिनी, त्या लष्कराचे तेव्हाचे सेनापती अल्-सीसी आमचे प्रमुख पाहुणे झाले. आलेल्या पाहुण्याचा सत्कार करणे हा राजशिष्टाचार होय; त्यास आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो याला की, या तिन्ही प्रसंगी मिसरच्या प्रजेशी आमचा काही ऋणानुबंध आहे, असे आमच्या वागण्यात कोठेच दिसले नाही.

व्यवहारचतुर मंडळी यावर म्हणतील, “आपणांस लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक बाहेरून येते, त्याचा मोठा वाटा अरबभूमीतून येतो, लक्षावधी देशबांधव तेथे पोट भरीत आहेत, मग नीतीच्या गप्पा मारून त्यांच्या अन्नात माती का कालवावी?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण हे स्थैर्य ज्यांच्या भरवशावर खरेदी करावयाचे, त्यांची गत काय झाली? बेन अलींची तेवीस वर्षे, मुबारकांची तीस, गद्दाफींची बेचाळीस आणि सीरियातील असद घराण्याची पन्नासाहून अधिक वर्षे, ही सारी वाळूवरची घरे ठरली. आमच्या राज्यमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये दमास्कसची वारी केली, तिला दीड वर्षही लोटले नव्हते, तोच ८ डिसेंबर २०२४ रोजी बशर असद पळाले आणि दोन दिवसांत आम्हांस तेथून आपली माणसे हलवावी लागली.

मराठवाड्याच्या वाचकांस तर ही गोष्ट परक्याने समजावून सांगण्याची गरज नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थान सरकारने निजामाशी 'जैसे थे' करार केला. दिल्लीस थोडी उसंत मिळाली. पण येथल्या प्रजेस काय मिळाले? स्वामी रामानंद तीर्थांसारखे पुढारी तुरुंगात, आणि गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ. तख्ताशी केलेला करार म्हणजे प्रजेशी केलेला करार नव्हे, हा धडा आमच्या वाडवडिलांनी रक्त सांडून शिकला आहे. तोच धडा कैरोच्या किंवा मनामाच्या प्रजेस लागू पडत नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथे कोणी उलट विचारील की, सप्टेंबर १९४८ मध्ये फौजा पाठवूनच मुक्ती आली ना? निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे तक्रार नेली, तेव्हा हा आमचा घरगुती प्रश्न असे आपणच म्हटले ना? होय. पण हैदराबाद हा चहूबाजूंनी हिंदुस्थानने वेढलेला, त्याच लोकांचा मुलूख होता, आणि तेथील प्रजेनेच विलीनीकरणाचा लढा उभारला होता. शिवाय इतक्या न्याय्य कारवाईनंतरही काय घडले, ते लपविणे सत्यास धरून नाही. निरपराध मुसलमान स्त्रीपुरुषांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि मृतांचा तिचा अंदाज हजारोंच्या घरात गेला. आपल्याच घरात शस्त्राने मिळविलेल्या मुक्तीस असा डाग लागतो, तर परमुलखात शस्त्र घेऊन जाण्याच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी शंभरदा विचार करावा.

दुसरा दोष सरकारचा नव्हे, आमचा आहे. अरबांकडे अरब म्हणून पाहणे आम्हांस जमतच नाही. शंभर वर्षांपूर्वी खिलाफतीसाठी येथे हिंदूमुसलमानांनी मिळून चळवळ केली. त्या काळी १९१६ पासून कित्येक अरब स्वतःच तुर्की सुलतानाविरुद्ध उठले होते, आणि १९२४ च्या मार्चमध्ये तर तुर्कांनीच खलीफाचे पद रद्द केले. ज्यांच्याकरिता आम्ही शोक केला, त्यांचे म्हणणे आम्ही विचारलेच नव्हते. आजही तीच तऱ्हा आहे. एकास तेथील प्रत्येक राजा धर्मरक्षक वाटतो, दुसऱ्यास तेथील प्रत्येक मिरवणूक धर्मवेडी वाटते. भाकरी, रोजगार आणि माणूस म्हणून मान एवढेच मागणारा तेथला तरुण दोघांच्याही दृष्टीस पडत नाही. आपल्या गल्लीतील भांडण कैरोच्या माथी मारणे, यास परराष्ट्रनीती म्हणत नाहीत.

मग करावे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, परमुलखात शस्त्र नको हा नियम कायम ठेवावा. पण निःशस्त्र प्रजेवर गोळी चालविली जाईल तेव्हा निषेधाचे माप मित्रास व परक्यास एकच लावावे. १९५६ साली सुएझच्या प्रश्नावर इंग्लंड व फ्रान्सला आम्ही खडसावले, याचा अभिमान बाळगणाऱ्यांस हे अवघड वाटू नये. दुसरी, दूतावासांनी राजवाड्याबरोबरच विद्यापीठे, वकीलमंडळे, पत्रकार आणि कामगारसंघ यांच्याशीही संबंध ठेवावा. तिसरी, अरबी भाषेचा व अर्वाचीन अरब राजकारणाचा अभ्यास धर्मशिक्षणाच्या चौकटीबाहेर आणून आपल्या विद्यापीठांतून सर्वधर्मीय विद्यार्थ्यांस खुला करावा.

चौथी गोष्ट सर्वांत निकडीची. १९९० साली कुवेतच्या संकटातून सुमारे पावणेदोन लाख लोक आम्ही परत आणले. २०११ साली लिबियातून पंधरा हजारांवर आणले. २०१५ साली येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक देशबांधव आणि सुमारे साडेनऊशे परदेशीयही सोडविले. ही कामगिरी गौरवास्पद आहे यात शंका नाही. परंतु मोसुलमध्ये ओलीस धरलेल्या ३९ मजुरांच्या मृत्यूची खात्री त्यांच्या घरच्यांस होण्यास २०१४ पासून २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली, हेही विसरता कामा नये. आग लागल्यावर विमाने पाठविणे हे पुरेसे नव्हे. कोण कोठे, कोणत्या करारावर राबत आहे याची नोंद. पारपत्र काढून घेणाऱ्या मालकास जाब. १९८३ च्या देशांतर कायद्याच्या जागी मजुराचे हक्क सांगणारा नवा कायदा. या गोष्टी शांततेच्या काळात व्हावयास हव्यात. कोकणातून आणि मराठवाड्यातून तिकडे गेलेल्या गवंड्याच्या अथवा सुताराच्या घरी परराष्ट्रधोरण याच रूपाने पोहोचते.

काळ्या चबुतऱ्याचे नाव बदलण्यास आम्हांस कित्येक वर्षे लागली, पण अखेर बदलले. ज्या मृतांस एका काळचे सरकार बंडखोर म्हणते, त्यांस पुढच्या पिढ्या हुतात्मे म्हणतात, हे ज्या शहराने पाहिले आहे, त्याने दूरच्या चौकातील बंडखोरांविषयी बोलताना जपून बोलावे, आणि त्यांच्या देशाशी करार करताना, हा करार कोणाशी होत आहे, हे आपल्या सरकारास प्रत्येक वेळी विचारावे.