वाचायला वेळ कोण देणार?

लग्न असो, बाळंतपण असो की पुण्यानुमोदन, घरात माणसे जमली की वाचन सर्वांत आधी बाजूला पडते. फळीवरची पुस्तके खाली उतरतात, पण ती पाहुण्यांच्या पिशव्यांना जागा व्हावी म्हणून! "आम्हाला वेळच मिळत नाही," असे महिला मंडळात आमच्या भगिनी सांगतात, ते खोटे नाही. वेळ आपोआप मिळत नसतो. घरातल्या कोणीतरी तो द्यावा लागतो.

हे आपल्याला नवीन नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि त्यांच्या जागेवर स्वतः आडवे होत. दोघांना एकाच वेळी निजण्यापुरतीही जागा नव्हती. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, त्यात त्या पित्याच्या जागरणाचाही वाटा आहे.

गेल्या वर्षावासात आमच्या थोरल्या काकू गेल्या. आषाढी पौर्णिमेपासून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन घरी सुरू होते. काकूंना अक्षरओळख नव्हती, पण ऐकायला रोज पुढे बसत आणि "मग पुढं काय झालं?" म्हणून विचारीत. पुण्यानुमोदनापर्यंतचा तो आठवडा. घर पाहुण्यांनी भरलेले, दहावीतल्या पुतणीची चाचणी परीक्षा तोंडावर, आणि चहाची किटली दिवसभर तिच्याच हातात.

दुसऱ्या दिवशी काकांनीच सांगितले, "पहाटे चार ते सहा स्वयंपाकघर पोरीचं. सकाळचा चहा पोरं करतील." एक वडीलधारे म्हणाले, "दुःखाच्या घरात पुस्तक कसलं?" काका म्हणाले, "ती असती तर पोरीच्या हातात किटली दिली नसती."

संध्याकाळी वंदनेनंतर ग्रंथवाचनही चालू ठेवले. आतापर्यंत भांड्यांच्या आवाजात अर्धेच ऐकणाऱ्या वहिनींना वाचायला बसवले आणि भांडी पुरुषांनी घासली. पहिल्या दिवशी चार ओळींतच वहिनींचा कंठ दाटला. पुस्तक शेजारच्या हाती गेले, तिथून पुढच्या हाती. पान पूर्ण व्हायला पाच माणसे लागली, पण पान पूर्ण झाले.

बंधुभगिनींनो, कार्य ठरले की आपण आचाऱ्याची आणि मंडपाची यादी करतो. त्याच यादीत आणखी तीन ओळी लिहाव्यात : कोणाला वाचायचे आहे, कोणत्या वेळी, आणि त्या वेळी त्यांचे काम कोण करणार. तिसऱ्या ओळीत नाव लिहिले नाही, तर पहिल्या दोन ओळी कागदावरच राहतात. ते नाव बहुधा घरातल्या पुरुषाचे असावे, असे आम्हाला वाटते. एवढे केले, तर घाईगर्दीच्या आठवड्यातही आपल्या घरातली मुलगी अभ्यासात मागे पडणार नाही.