इंजिन तेल पिऊ लागले, तर!



"साहेब, टिलर तेल जरा जादा खातोय, पण ओढायला अजून वाघ आहे." चिखलणीच्या दिवसांत पाटण भागात असे बोल पुष्कळदा कानावर येतात. धोका या बोलण्यातच आहे. झीज झाल्याचे बहुधा तेल आधी सांगते, ताकद मागाहून सांगते. ओढ कमी झाल्यावर आपण जागे झालो, तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. खर्च लायनर-पिस्टनपर्यंत जातो. आणि भाताची लावणी काही फिटरची वाट पाहत थांबत नाही.

तेल जाते कोठे? वाटा दोन. एक बाहेरची गळती. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसतील. दुसरी वाट आतल्या आत जळण्याची. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल खरवडून खाली लोटतात. त्या झिजल्या की तेल वर चढते, डिझेलबरोबर जळते आणि निळसर धूर निघतो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा ओझे जादा होते. तो रोग वेगळा.

झिजेचा पहिला शत्रू धूळ. आपल्या तांबड्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळली की पॉलिशपेपरचे काम करते. म्हणून हवेची गाळणी वेळेवर साफ करा. तेलाच्या वाटीची गाळणी असेल, तर वाटीतला गाळ काढून नवे तेल भरा. गाळणी काढून इंजिन कधीही चालवू नका.

दुसरा शत्रू म्हणजे चुकीची ओढ. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. अश्वशक्ती ठरते ती हा जोर आणि मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकाराने. मिनिटाला 650 फेऱ्यांचे जुने, जड 5 अश्वशक्तीचे इंजिन आणि 1500 फेऱ्यांचे तेवढ्याच शक्तीचे हलके इंजिन घ्या. पहिल्याचा जोर दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक भरतो. म्हणून जुन्या इंजिनाची सवय नव्याला लावू नये. फेरे खाली आणून वरच्या गिअरमध्ये रेटले, तर इंजिन धापा टाकते, तापते आणि बेअरिंगवर मार बसतो. कुंभार्ली घाट चढणाऱ्या जीपगाडीलाही हाच नियम. कण्हायला लागण्याआधी गिअर खाली टाका.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला 1910 साली कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर घरोघर गेला. नांगराचा फाळ झिजला, तर डोळ्यांना दिसतो. इंजिनाची झीज दिसत नाही, म्हणून ती मोजावी लागते.

त्यासाठी एक वही करा. शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे ती सोपवा. इंजिन सपाटीवर उभे करून बंद करा, दहा मिनिटे थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवा आणि पातळी पाहा. किती तास चालले, किती डिझेल लागले, वरून किती तेल घातले, एवढेच लिहा. 100 लिटर डिझेलमागे 1 लिटर तेल हा ढोबळ आडाखा धरा. त्याहून जादा लागले, किंवा दर महिन्याला आकडा चढत गेला, तर हंगामाआधीच फिटरला दाखवा. जाडसर तेल घालून धूर दाबू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल वापरा आणि ठरल्या तासांनी ते बदला.

पातळी आपोआप वाढली, तर आनंद मानू नका. तेलात डिझेल उतरत असेल. तेल दुधासारखे दिसले, तर पाणी शिरले आहे. दोन्ही वेळी इंजिन चालू करू नका.

बैल बोलत नाही, पण वैरण टाकू लागला की आपण त्याच्या तोंडावरून हात फिरवतो. इंजिनही बोलत नाही. ते जादा तेल मागते. तेवढे ऐकले, तर ऐन लावणीत ते दगा देणार नाही.