परतावा म्हणजे मेहेरबानी नव्हे

कोल्हापुरी चप्पल आपण घेतली तर जीएसटी, जर्मनीतल्या माणसाने मागवली तर शून्य, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त वाटतो, पण तो जर्मन ग्राहक काही फुकटात सुटत नाही. पार्सल तिकडे पोहोचले की त्याच्याकडून तिथला 19 टक्के व्हॅट वसूल होतो. 22 युरोपर्यंतच्या आयातीला असलेली सूटही युरोपीय संघाने जुलै 2021 पासून काढून टाकली. माल जिथे वापरला जातो तिथल्या सरकारचा कर, हा त्यामागचा हिशेब. आयात मालावर आपण आयजीएसटी लावतो तोही याच न्यायाने. म्हणून आयजीएसटी कायद्याच्या कलम 16 ने निर्यातीला नुसती करमाफी दिलेली नाही, शून्य दर दिला आहे. फरक बारीक आहे, पण पैशांचा आहे. ताज्या द्राक्षांवर मुळात जीएसटी नाही; ती देशात विकणाऱ्याला खोक्यांवर भरलेला कर गिळावा लागतो, निर्यातदार मात्र तो परत मागू शकतो. थोडक्यात, परतावा हे सरकारने दिलेले अनुदान नाही. जो कर आपला नव्हताच, तो परत करणे आहे.

व्यवहारात मात्र दानधर्म चालल्यासारखे वागले जाते. एक हजार रुपयांहून कमी परतावा द्यायचाच नाही, ही कलम 54 मधली अट पाहा. पाच टक्के दराने कर भरून दोन हजारांचा जोड पाठवला तर कर होतो शंभर रुपये. हजाराचा उंबरठा गाठायला एका खेपेत वीस हजारांचा माल हवा. म्हणजे कंटेनर भरणाऱ्याचे पैसे सुटतात आणि एकेक पार्सल पाठवणाऱ्याचे बुडतात. ही मर्यादा अशा निर्यातीपुरती काढावी, अशी शिफारस करायला जीएसटी परिषदेला सप्टेंबर 2025 उजाडले.

खोटी बिले करून परतावे लाटणारे आहेत, म्हणून तपासणी हवी, हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. पण संशयिताला वेगळे काढून बाकीच्यांना 90 टक्के रक्कम आधी देण्याची सोय नियमांतच आहे. सगळ्यांनाच रांगेत ताटकळत ठेवणे हा सावधपणा नव्हे. साठ दिवस उलटल्यावर सरकार साधारणपणे सहा टक्के व्याज देते. तेवढ्या दरात छोट्या कारागिराला खेळते भांडवल कोणती बँक देईल? मग कर न भरता हमीपत्रावर माल पाठवावा, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे, पण त्या वाटेच्या परताव्याच्या सूत्रात यंत्रांवरचा कर धरलेलाच नाही. सगळा माल परदेशी जात असेल तर शिलाई यंत्रावर भरलेला जीएसटी खात्यात नुसता पडून राहतो, आणि शेवटी चपलेच्या किमतीत शिरून जर्मनीला जातो.